बाळंतिणीचं बी.पी. कुणाच्या वहीत?

गेल्या महिन्यात एका बारशाला गेलो होतो. बाळ आठव्या महिन्यात झालेलं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं, त्यामुळे बारसं लांबून सातव्या आठवड्यावर गेलेलं. पाळण्याला झिरमिळ्या, दारात रांगोळी, स्वयंपाकघरात घुगऱ्यांचा वास. बाळाच्या आईचं माहेर ते. तिच्या वडिलांना बी.पी.चा त्रास, म्हणून घरात मशीन आहे. सकाळी चहाच्या आधी दंडाला पट्टा बांधायचा, मशीनची घरघर ऐकायची आणि कुठल्याशा पतसंस्थेने दिवाळीत दिलेल्या डायरीत तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी असं लिहायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. डायऱ्यांची चळत टी.व्ही.च्या कपाटात नीट लावलेली.

या घरातल्या मुलीचं बी.पी. सात आठवड्यांपूर्वी १६०/११० होतं. पाय सुजले, मग तोंड सुजलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, लघवीत प्रथिनं सापडली आणि रात्री दोनला सिझर करावं लागलं. सगळं सांगून झाल्यावर सहज विचारलं, आता किती आहे? ती म्हणाली, "आता नॉर्मलच असेल की. गोळ्या महिन्याभराने संपल्या." मशीन तिच्यापासून चार हातांवर होतं.

कुणाचं काही चुकलं होतं असं नाही. घर मायेचं, माणसं शिकलेली. बाळाचं लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट करून ठेवलेलं. तिचं डिस्चार्ज कार्ड मात्र चार घड्या घालून फाइलच्या मागच्या खिशात, आणि त्यावर बाळासाठी अकरा ओळी, आईसाठी दोन: टाक्यांची काळजी, सहा आठवड्यांनी दाखवणे. निदानाच्या जागी 'पी.आय.एच.' ही तीन अक्षरं, म्हणजे गरोदरपणामुळे वाढलेलं बी.पी. त्यांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, आणि पुढे पन्नास वर्षं ती जिथे जिथे दवाखान्याची पायरी चढेल तिथे हे सांगायचं असतं, हे तर नाहीच.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर बी.पी. १४०/९० किंवा त्याच्या वर जाणं, आणि त्याच्या जोडीला लघवीत प्रथिनं किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर ताण दिसणं, याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. झटके आले की एक्लॅम्पसिया. जगभरात शंभर गरोदर बायकांमध्ये दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्पसिया होतो, नुसतं बी.पी. वाढलेल्या धरल्या तर आकडा आणखी वर जातो. म्हणजे हा काही लाखांत एखादीला होणारा आजार नव्हे. आपल्या आळीत, आपल्या नात्यात, आपल्या कचेरीत अशा बायका आहेत, फक्त "बाळंतपणात जरा बी.पी. वाढलं होतं" एवढ्या अर्ध्या वाक्यात त्यांनी तो प्रसंग गुंडाळून ठेवलेला असतो.

बाळंतपणाच्या त्या एका रात्रीपुरतं आपण बरंच शिकलो आहोत. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. केरळचा १९ सोडला तर देशात सर्वांत कमी. झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट आज तालुक्याच्या रुग्णालयात मिळतं. आपल्याकडच्या किडकिडीत बायकांना पाश्चात्त्य मात्रेपेक्षा कमी मात्रा पुरते, हे सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी होते, ती २०१६ पासून. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण केली जाते.

ती खूण बाळंतपणाबरोबर संपते. आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळीस दिवस झाले की प्रसूतिपश्चात काळ संपला, नोंद पुरी. इकडे घरातही सव्वा महिना झाला की बाळंतीण बाजेवरून उठते, न्हाते, देवाला जाते आणि पोळपाट-लाटणं हातात घेते. सरकार आणि आजी यांचं एरवी कशावर एकमत होत नाही. इथे दोघांचे हिशेब चार-पाच दिवसांच्या फरकाने जुळतात. बाई मोकळी झाली!

शरीर मात्र मोकळं होत नाही. २००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठा आढावा आला. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांमधल्या जवळपास ३५ लाख बायकांची माहिती त्यात एकत्र केली होती, त्यांतल्या दोन लाखांच्या आसपास प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या बायकांना कायमचं बी.पी. जडण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण पावणेचार पट, हृदयविकाराचं दुपटीहून थोडं जास्त, पक्षाघाताचंही दुपटीच्या जवळ. त्यानंतर झालेल्या कामात हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचा धोका तर चौपट दिसला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ साली बायकांच्या हृदयरोगाच्या जोखमींमध्ये गरोदरपणातलं बी.पी. नावानिशी घातलं. या गोष्टीला आता दीड दशक होईल.

हे असं का होतं, याचं एक उत्तर वारेत आहे. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या गरोदरपणात सैल आणि रुंद व्हायला हव्यात. त्या नीट झाल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं, आणि उपाशी वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. त्यांतला एक मुख्य पदार्थ २००३ साली बोस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या प्रयोगशाळेने ओळखला. तो पदार्थ आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला दुखावतो, म्हणून बी.पी. चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, डोळ्यांपुढे काजवे येतात. वार बाहेर आली की तो पदार्थ ओसरतो. अस्तर किती भरून आलं, हे मात्र वरून दिसत नाही.

दुसरं उत्तर असं की काही बायकांच्या रक्तवाहिन्या आधीच थोड्या कमकुवत असतात, आणि गरोदरपण ते उघडं करतं. पोटात बाळ असताना हृदयाला एरवीच्या जवळपास दीडपट रक्त फिरवावं लागतं. सपाट रस्त्याला कुरकुर न करणारी गाडी खंबाटकीच्या चढाला गरम होते, तसं हे. घाट उतरला, काटा खाली आला की गाडीतले सगळे "झालं, आता काही नाही" म्हणून भेळ खायला उतरतात. जाणता ड्रायव्हर मात्र बॉनेट उघडतो. आधीचं इंजिन खराब होतं की घाटाने खराब केलं, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. बहुधा दोन्ही. बॉनेट उघडायला मात्र वाद मिटायची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर बाळंतिणींना घाबरवल्याचा ठपका येईल. दुप्पट म्हणजे लगेच काही होणार असं नव्हे. पंचविशीतल्या बाईला हृदयविकार होण्याची शक्यता मुळात इतकी थोडी असते, की तिची दुप्पट केली तरी ती थोडीच राहते. आकडा वाढतो तो पुढे, चाळिशी-पंचेचाळिशीत. आणि भारतीय माणसांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षं लवकर गाठतो, हे आपण जाणतो. म्हणजे या बायकांच्या हाती पंधरा-वीस वर्षं असतात. हृदयाच्या बाबतीत इतक्या आधी सूचना मिळण्याचं भाग्य पुरुषांच्या वाट्याला कधी येत नाही. ते आपल्या कार्डावरच्या एका ओळीत पडून राहतं, ही खरी तक्रार आहे.

पंचेचाळिशीची बाई छातीत जड वाटतं म्हणून दवाखान्यात जाते, तेव्हा काय विचारतात? साखर आहे का, वडिलांना होतं का, कोलेस्टेरॉल कधी तपासलं. बाळंतपणाबद्दल विचारलंच तर मुलं किती, एवढंच. आणि ती स्वतःहून सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते बाळंतपण होतं, हृदयाचा त्याच्याशी काय संबंध? स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम बाळ हातात दिल्यावर संपतं, हृदयरोगतज्ज्ञाचं छातीत दुखल्यावर सुरू होतं. मधली वीस वर्षं कुणाचीच नाहीत.

सरकारी चाळणीचीही तीच गत. गावागावांत बी.पी., मधुमेह शोधायला आशाताई जो फॉर्म भरतात, तो तिशी आणि पुढच्यांसाठी. त्यात जोखमीचे गुण देणारे सहा प्रश्न आहेत: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार. कंबरेचा घेर टेपने मोजतात, बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेला की एक गुण. गरोदरपणी बी.पी. होतं का, याला गुण नाही. आता हिशेब करा. आपल्याकडे खेड्यातली मुलगी विसाव्या-बाविसाव्या वर्षी आई होते. तिला तेव्हा झटके आले असतील तरी तिशीपर्यंत ती या चाळणीत येत नाही, आणि तिशीला आली तर फॉर्म तिला ते विचारत नाही. नवरात्रातली 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम २०२२ मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांसाठी काढली, ते योग्यच. पण मोहीम म्हणजे मोहीम. ती दसऱ्याला सोनं वाटून झालं की संपते.

आता जीवनशैली. हा शब्द उच्चारताना आम्हाला थोडा संकोच होतो, कारण जीवनाची शैली ठरवायला आधी जीवन आपल्या हाती असावं लागतं. नवी बाळंतीण या बाबतीत घरातली सर्वांत परतंत्र व्यक्ती. काय खायचं ते आई किंवा सासू ठरवते, कधी झोपायचं ते बाळ ठरवतं, घराबाहेर कधी पडायचं ते पंचांग. तिला "मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला, सात तास झोपा, वजन ताब्यात ठेवा" असं सांगणाऱ्या डॉक्टरने हे वाक्य खरं तर तिच्याबरोबर आलेल्यांकडे बघून बोलायला हवं.

मिठाचंच घ्या. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, एवढं मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण त्याच्या दीडपट ते दुप्पट खातो. आणि आपल्या पानात वाढप सुरूच मुळी मिठापासून होतं, डाव्या हाताला, लिंबाच्या फोडीशेजारी. मग लोणचं, चटणी, पापड, आमटी. कणकेतही मीठ, भातातही मीठ. यांतलं एकट्या बाळंतिणीसाठी कमी कसं करणार? तिची आमटी वेगळ्या पातेल्यात कोण करेल? सव्वा महिन्यानंतर तर करणारी तीच. तिने एके दिवशी आमटीत मीठ कमी घातलं तर पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडून जे निघेल त्यावर तिचं पुढच्या वीस वर्षांचं बी.पी. अवलंबून आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. मीठ कमी व्हायचं तर सगळ्या घराचंच व्हायला हवं. डायरी लिहिणाऱ्या वडिलांनाही ते सोसेल.

डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांवर आमचा राग नाही. बाळंतीण झिजलेली असते, अळिवात लोह आहे, आणि लाडू वळणाऱ्या हातांत माया आहे. पण सव्वा महिन्यासाठी ठरलेला खुराक पाचव्या महिन्यातही चालू असतो आणि बाहेर चालणं मात्र सुरू झालेलं नसतं, तिथे गणित बिघडतं. अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त परिचारिकांची वर्षानुवर्षं विचारपूस करून झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ साली आला. गरोदरपणी बी.पी. होऊन गेलेल्यांमध्ये पुढे कायमचं बी.पी. कुणाला जडलं, हे पाहताना बाकी सवयींपेक्षा ठळक उठून दिसलं ते वाढलेलं वजन. बाळंतपणात अंगावर आलेलं वजन वर्षभरात उतरलं नाही तर ते मुक्कामाला येतं, हे त्यासाठी अमेरिकेत जाऊन विचारायला नको. कुठल्याही लग्नघरात साड्यांच्या ब्लाउजांच्या शिलाईवरून कळतं. अंगावर पाजण्याने आईच्याही हृदयाचं भलं होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, हे मात्र आपल्या आज्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"दिवसभर घरात राबते, आणखी कशाला चालायचं?" हा प्रश्न खोटा नाही. पण बाळाला मांडीवर घेऊन बसणं, ओट्याशी उभं राहणं, वाकून केर काढणं यांत दम क्वचितच लागतो. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, हे अंगमेहनतीपेक्षा वेगळं आहे. त्यासाठी रोज वीस-पंचवीस मिनिटं बाळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला हवं. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहायची सोय नाही.

आणि मिश्री. शहरी वाचक इथे थबकेल, पण पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात अजून कितीतरी घरांत तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड डबीत असते, आणि सकाळी बोटाने दातांना लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी समजूत असते. कित्येकींना ती बाळंतपणातच लागते, लावणारी घरातलीच वडीलधारी. डॉक्टर विचारतो, "सिगारेट, तंबाखू काही?" बाई खरेपणाने नाही म्हणते. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. रक्तवाहिन्यांना हा भेद कळत नाही. मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

पाळणा लांबवायच्या गोळ्यांचंही तसंच. माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने बी.पी. चढू शकतं. ती सुरू करायच्या आधी दंडाला पट्टा बांधला पाहिजे, बी.पी. जास्त निघालं तर तांबी आहे, इतर उपाय आहेत. आणि पुढचं मूल हवं असेल तेव्हा पहिल्याच भेटीत मागचं सगळं सांगायचं, कारण साधारण सहा-सात जणींत एकीला प्रीएक्लॅम्पसिया पुन्हा होतो आणि तो टाळायला मदत करणारी कमी मात्रेची अॅस्पिरिन तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू करावी लागते. सातव्या महिन्यात पाय सुजल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

पण सवयींच्याही आधीची गोष्ट म्हणजे मोजणं. बाळंतपणानंतर बी.पी. सर्वांत जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, नेमकं बाई घरी आलेली असते तेव्हा. पुढचे आठवडे ते उतरत जातं, आणि बारा आठवड्यांनंतरही चढं राहिलं तर ते कायमचं समजतात. ऑक्सफर्डमध्ये २२० बायकांवर झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे घरीच रोज बी.पी. मोजून फोनवरून कळवलं, आणि त्यानुसार डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा बारकाईने कमी-जास्त केली. नऊएक महिन्यांनी, गोळ्या केव्हाच थांबल्यावर, त्यांचा खालचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ५.८ ने कमी होता. काही आठवड्यांच्या काटेकोरपणाचा परिणाम नऊ महिने टिकला. दुखावलेलं अस्तर भरून येण्याचे दिवस बहुधा तेच असावेत.

ऑक्सफर्डची फोनची सोय आपल्याकडे उद्या होणार नाही. तिची गरजही नाही. आपल्याकडे त्याहून चांगली एक गोष्ट आहे: बाळाची लस. सहावा आठवडा, दहावा, चौदावा, मग नववा महिना, मग दीड वर्ष. बाई स्वतःसाठी दवाखान्यात जाणार नाही, पण लशीची तारीख चुकवणार नाही. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत नर्सबाई असते, तिच्याकडे बी.पी.चं यंत्र असतं आणि बाळाला घेऊन आई तिच्यासमोर बसलेली असते. चौदाव्या आठवड्याची लस तर त्या बारा आठवड्यांच्या रेषेपलीकडे नेमकी दोन आठवड्यांवर येते. बाळाच्या मांडीला टोचून झाल्यावर आईच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि बाळाच्याच कार्डावर एक आकडा लिहायचा. वेगळी योजना नको, वेगळं नाव नको, उद्घाटन तर नकोच. आणि त्या तिशीच्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न: गरोदरपणी बी.पी. होतं का? उत्तर हो असेल तर वयाची अट सोडा.

त्या बारशाच्या घरी, बायका पाळणा म्हणत असताना, वडिलांनी कपाटातून मशीन काढलं. मुलीला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवायला लावली, पाय जमिनीला. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला. "पाच मिनिटं गप्प बस. बोलायचं नाही मध्ये," असं बजावलं, अकरा वर्षांचा अनुभव. घरघर झाली. आकडा आला १४६/९४. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, १४४/९४. ती म्हणाली, धावपळ झाली ना सकाळपासून. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ फोनवरून घेतली, मग डायरी उघडून त्यांनी पट्टीने आपल्या आकड्यांच्या शेजारी एक उभी रेघ मारली आणि नव्या रकान्याच्या डोक्यावर मुलीचं नाव लिहिलं.